शुक्रवारी सकाळी, कमी दाबाने: पायाभूत पॅकेज अपग्रेड करताना बाकीच्या मेंटेनरांना कसं सांभाळायचं

पुण्यात अधूनमधून पेपरात एक चौकट येते. 'देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी येत्या गुरुवारी पाणीपुरवठा बंद.' खाली पर्वती, वडगाव, लष्कर, वारजे अशी जलकेंद्रं, प्रत्येकाखाली भागांची लांबलचक यादी, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.' आपण यादीत आपली सोसायटी शोधतो, बादल्या भरून ठेवतो आणि विषय संपतो. चिडचिड होते ती चौकट न छापता पाणी गेलं तर.

मी सांभाळत असलेल्या एका लायब्ररीची (बाकीचे प्रोग्रॅम ज्यावर उभे असतात अशा सामाईक कोडची) नवी आवृत्ती मी पहिल्यांदा ढकलली ती अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री. बिल्ड (कोडपासून पॅकेज बांधणं) हिरवं झालं, मी झोपलो. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीच्या गर्दीत मोबाइलला रेंज नव्हती. रात्री घरी येऊन मेल उघडला, तर त्या लायब्ररीवर उभी असलेली पॅकेजं दिवसभर इन्स्टॉल होत नव्हती आणि चार अनोळखी माणसांनी माझा रविवार आपापल्या रविवारातून वजा करून भरून काढला होता. कुणी वाईट बोललं नाही, त्यामुळे जास्तच लागलं. तांत्रिक चूक एकही नव्हती. फक्त चौकट छापली नव्हती.

हा लेख एक-दोन वर्षं मेंटेनर म्हणून पॅकेजं सांभाळलेल्या आणि आता पहिल्यांदाच अशा पायाभूत लायब्ररीला हात घालणाऱ्यांसाठी आहे. लिनक्सचं वितरण डेबियन असो, फेडोरा असो की आर्च, साधनं बदलतात, कामाचा क्रम साधारण तोच राहतो. उदाहरणासाठी आयसीयू घेतो. युनिकोडची ही लायब्ररी वर्षातून दोनदा नवी मोठी आवृत्ती काढते आणि दर वेळी बाकीच्यांची झोप उडवते. शिवाय मराठी शब्दांची क्रमवारी लावण्यापासून लिब्रेऑफिसपर्यंत आपलं बरंच काही तिच्यावर उभं आहे.

आधी ठरवा: पाणी खरंच बंद होणार आहे का?

प्रत्येक लायब्ररीच्या फाइलीत तिचं एक नाव कोरलेलं असतं, त्याला सोनेम म्हणतात. आयसीयू ७४ च्या सोनेमला शेपूट ७४ चं. प्रोग्रॅम बांधताना तो हे नाव स्वतःत टिपून ठेवतो. मशीनवर ७४ जाऊन ७६ आलं की जुना प्रोग्रॅम ७४ मागतो, ते मिळत नाही आणि तो सुरूच होत नाही. म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा बांधावं लागतं, कोडमधला एक शब्दही बदलला नसला तरी.

हा झाला सरळ प्रकार, कारण तो दिसतो. न दिसणारे तीन प्रकार जास्त त्रास देतात.

पहिला: सोनेम तेच, आतली रचना वेगळी. २०१५ मध्ये जीसीसी ५ (कंपायलर) आलं तेव्हा सी प्लस प्लसमधल्या स्ट्रिंग आणि लिस्टची मांडणी बदलली. डेबियनला कित्येक लायब्ररी-पॅकेजांच्या नावांना 'व्ही५' असं शेपूट लावावं लागलं. २०२४ च्या सुरुवातीला तेच मोठ्या प्रमाणावर झालं. ३२ बिटांत साठवलेली वेळ १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते. म्हणून डेबियनने ३२ बिटांच्या आर्म मशीनसाठी वेळेचा आकार ६४ बिट केला आणि हजारावर लायब्ररींच्या पॅकेजनावांना 'टी६४' जोडलं. अपस्ट्रीमने (लायब्ररी मुळात लिहिणाऱ्यांनी) सोनेम बदललेलं नव्हतं. वितरणाने स्वतःहून नाव बदललं नसतं, तर जुनं आणि नवं गुपचूप एकत्र येऊन डेटा बिघडला असता.

दुसरा: मांडणी ठीक, पण बांधण्याच्या अटी बदलल्या. आयसीयू ७५ ने सी प्लस प्लस १७ अनिवार्य केलं. ज्या पॅकेजांनी बिल्ड फाइलीत ११ किंवा १४ असं हाताने लिहून ठेवलं होतं, ती पडली. तिसरा: सगळं बांधलं जातं, चालतंही, फक्त वागणं बदलतं. त्याचं एक उदाहरण पुढे स्वतंत्र घेतो, कारण त्यात लोकांचा डेटा जातो.

तपासायला लिबअबिगेलमधलं एबीआयडिफ वापरा. जुनी आणि नवी फाइल दिली की कुठलं फंक्शन गेलं, कुठल्या स्ट्रक्चरचा आकार बदलला, ते सांगतं. डेबियनवाल्यांकडे सिम्बॉल्स फाइल (लायब्ररीतल्या फंक्शनांची यादी) असते. ती इमानाने सांभाळलेली असेल तर बिल्डच बोंब मारतं. अपस्ट्रीमच्या 'काही मोडणार नाही' या वाक्यावर विसंबू नका. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना तुमची तीनशे पॅकेजं माहीत नसतात एवढंच.

भागांची यादी

फेडोरात डीएनएफ रेपोक्वेरीला 'याची गरज कुणाला' असं विचारा, आणि सोर्सच्या रेपोझिटरीवर (पॅकेजांच्या साठ्यावर) वेगळं विचारा. चालताना लागणारे आणि बांधताना लागणारे या दोन वेगळ्या याद्या आहेत. डेबियनमध्ये बांधणीच्या यादीसाठी बिल्ड-आरडेप्स आहे, आणि नवी आवृत्ती एक्सपेरिमेंटलमध्ये (चाचणीच्या रेपोझिटरीत) टाकली की बहुतेक वेळा ट्रान्झिशन (जुन्या लायब्ररीवरून नव्यावर सगळ्यांनी जाणं) ट्रॅकरचं पान आपोआप तयार होतं. आर्चमध्ये सोग्रेप हे काम करतं.

यादीत हमखास सुटणारे: स्टॅटिक पद्धतीने लायब्ररी पोटात घेतलेली पॅकेजं, फक्त हेडर वापरणारी, चालू असताना नावाने लायब्ररी उघडणारी प्लगइन्स, आणि दुसऱ्याच आर्किटेक्चरवर बांधली जाणारी. शेवटच्या दोघांसाठी सोर्समध्ये सरळ नाव शोधण्याला पर्याय नाही. वितरणाबाहेरच्या रेपोझिटरींचीही नोंद ठेवा. त्यांची जबाबदारी तुमची नाही, पण त्यांनाही चौकट वाचायला मिळायला हवी.

यादी हातात आली की तिचे थर पाडा. आयसीयूच्या बाबतीत अगदी खाली बूस्ट, हार्फबझ, आणि जिथे आयसीयूसह बांधलेलं असेल तिथे लिबएक्सएमएल२. त्यांच्यावर क्यूटी. त्यांच्याही वर वेबकिटजीटीके, लिब्रेऑफिस. कुठलं पॅकेज कुठल्या थरात, हे कागदावर काढलेलं असेल तर त्या आठवड्यात तुम्ही कमीत कमी एकदा तरी स्वतःला दुवा द्याल.

रंगीत तालीम

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. खऱ्या रेपोझिटरीला हात न लावता पूर्ण यादी एकदा बांधून बघायची. फेडोरात कॉप्र (वेगळी बिल्ड करून बघायची सेवा) आहे, आणि त्याच्यावर मास प्रीबिल्ड नावाचं साधन हीच तालीम करून देतं. डेबियनमध्ये एक्सपेरिमेंटल आहे, आणि रॅट नावाचं छोटं साधन अवलंबून असलेल्यांना ओळीने बांधून बघतं. आर्चमध्ये स्टेजिंग रेपोझिटरी. घरच्या लॅपटॉपवर वेबकिट बांधायचा हट्ट करू नका. मी केला आहे. पंखा असा फिरत होता की आईने विचारलं, गिरणी आणलीस का?

नवे लोक एक गोष्ट हमखास विसरतात: आधी सगळं जुन्या आवृत्तीवर बांधा. कुठल्याही मोठ्या यादीत काही पॅकेजं आधीपासूनच मोडलेली असतात. कुणाचा नवा कंपायलरशी वाद, कुणाची टेस्ट इंटरनेटवर अवलंबून, कुणाच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली. जुन्या आवृत्तीवर पडलेली पॅकेजं बाजूला काढली नाहीत, तर ती सगळी तुमच्या नावावर जमा होतात. तुम्ही लोकांना 'तुमचं पॅकेज माझ्या अपग्रेडमुळे मोडतं' असं कळवाल, समोरचा चार तास खपून सांगेल की ते मार्चपासूनच मोडलेलं आहे, आणि पुढच्या वेळी तो तुमचा मेल उघडणार नाही.

मग दोन यादींची वजाबाकी करा. जे उरेल ते तुमचं. त्याचे लॉग वाचायला लागलात की कळतं, चाळीस अपयशांमागे बहुधा चारच कारणं आहेत. आयसीयू ७५ ला भाषेच्या आवृत्तीचं कारण होतं. आयसीयू ७६ ला आणखी एक: पीकेजी-कॉन्फिगच्या (लिंक करताना काय जोडायचं ते सांगणाऱ्या) फाइलीत बदल झाला, आणि आयसीयूचा आयसीयू-आय१८एन हा भाग मागितला की आयसीयू-यूसी हा दुसरा भाग आपोआप जोडला जायचा, ते थांबलं. ज्या पॅकेजांनी दुसऱ्याच्या ताटातलं गृहीत धरलं होतं, ती लिंक होताना अडली. उपाय एका ओळीचा: दोन्ही नावं स्पष्ट लिहा. पण ती एक ओळ प्रत्येकाने स्वतः शोधण्यापेक्षा तुम्ही एकदा शोधून सगळ्यांना देणं, हाच समन्वय. बाकी बैठका वगैरे नंतर.

पॅच आधी अपस्ट्रीमला पाठवा, मग वितरणात लावा. उलट केलंत, तर पुढच्या आवृत्तीत तोच पॅच हाताने पुन्हा बसवत बसाल.

चौकट छापणं

फेडोराचा नियम आहे: एपीआय (कोडमधून लायब्ररी वापरायची पद्धत) किंवा एबीआय (बांधलेल्या फाइलीतली मांडणी) बदलणार असेल तर आठवडाभर आधी डेव्हल यादीवर (विकसकांच्या मेलिंग लिस्टवर) कळवा आणि अवलंबून असलेल्या मेंटेनरांना थेटही कळवा. फार मोठा बदल असेल तर रीतसर चेंज प्रपोजल लिहून फेस्कोची (फेडोराच्या तांत्रिक समितीची) मंजुरी घ्यावी लागते. डेबियनमध्ये रिलीज टीमच्या नावे ट्रान्झिशनचा बग टाकायचा आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत अनस्टेबलला (जिथे नवी पॅकेजं आधी जातात त्या साठ्याला) हात लावायचा नाही. आर्चमध्ये टूडू यादी बनते. माझं मत विचाराल तर आठवडा हा किमान आकडा समजा. तीनशे पॅकेजं असतील तर महिना द्या.

मेल इंग्रजीतच जाणार, पण मजकुराचा सांगाडा असा ठेवा:

'आयसीयू ७४ वरून ७६ वर जात आहोत. कारण: ७४ ला आता दुरुस्त्या मिळत नाहीत. सोमवारी ०८:०० यूटीसीला सुरुवात, गुरुवारपर्यंत सगळं एकदम आत. १८० पॅकेजं पुन्हा बांधणार आहोत, ती आम्हीच बांधू. तुम्ही काही करायची गरज नाही. खालची ११ पॅकेजं पडतात. ९ चे पॅच तयार आहेत, दुवे दिले आहेत. उरलेल्या २ साठी त्यांच्या मेंटेनरांचं मत हवं आहे. या चार दिवसांत यादीतल्या पॅकेजांची वेगळी बिल्ड टाकू नका, टाकायचीच असली तर आधी सांगा. मागे फिरायची वेळ आली तर काय करू, ते शेवटी लिहिलं आहे.'

आकडे इथे नमुन्यादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. पॅकेजांची नावं मेंटेनरांच्या नावाखाली लावा, पॅकेजांच्या बाराखडीप्रमाणे नव्हे. माणूस स्वतःचं नाव शोधतो, जसे आपण आपली पेठ शोधतो. 'तुम्ही काही करायची गरज नाही' हे वाक्य जिथे खरं आहे तिथे ठळक लिहा; निम्मी उत्तरं लिहायची वेळच येत नाही. आणि 'प्लीज डू द नीडफुल' लिहू नका. आपल्याकडच्या ऑफिसांत त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो, म्युनिकमधल्या स्वयंसेवकाला 'नीडफुल' म्हणजे नेमकं काय करायचं ते कळत नाही.

वेळ यूटीसीतच द्या. सोमवारी ०८:०० म्हणजे आपल्याकडे दुपारचा दीड: आपण जेवून बसलेलो, युरोप नुकताच उठलेला, आणि काही फाटलं तर संध्याकाळी अमेरिका जागी होते. शनिवारची रात्र आपल्याला सोयीची वाटते, कारण नोकरी आडवी येत नाही. पण तेव्हा मदतीला कुणी नसतं. मिरवणुकीच्या आदल्या रात्रीबद्दल वर लिहिलंच आहे.

पत्रापलीकडे एक गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे ओळख. फुडकॉन (फेडोराच्या लोकांचं संमेलन) २०११ मध्ये सीओईपीत आणि २०१५ मध्ये कोथरूडच्या एमआयटीत झालं. डेबकॉन (डेबियनवाल्यांचं) २०२३ मध्ये कोचीला होतं. ज्याच्याबरोबर कधी कटिंग घेतला आहे, त्याच्याशी मतभेदाचा मेल तीन ओळींत संपतो. अनोळखी माणसाशी तोच तेरा मेलांचा होतो.

दुसऱ्याच्या गुरुवारी आपला गुरुवार नको

तुमच्याबरोबर पोप्लर (पीडीएफची लायब्ररी) किंवा बूस्टचंही अपग्रेड चालू असेल, तर लिब्रेऑफिस दोन्हींच्या यादीत सापडेल. एक अडकलं की दुसरंही अडकतं, कारण डेबियनमध्ये टेस्टिंगला (पुढच्या प्रकाशनाची तयारी होते त्या साठ्यात) जाताना ही सगळी गाठोडी एकत्रच जावी लागतात. डेबियनची रिलीज टीम रांग लावते ती याचसाठी. 'माझं छोटंच आहे' म्हणून रांग मोडणाऱ्याने बाणेरच्या चौकात शेवटच्या क्षणी उजवी लेन पकडणाऱ्याला नावं ठेवू नयेत.

फ्रीझचं (प्रकाशनाआधी बदल थांबवण्याचं) वेळापत्रक आधी बघा. डेबियनमध्ये सगळ्यात आधी ट्रान्झिशनच बंद होतात: डेबियन १३ साठी ते १५ मार्च २०२५ ला थांबले आणि प्रकाशन ९ ऑगस्टला झालं. फेडोरात मास रीबिल्डच्या (सगळी पॅकेजं एकदम पुन्हा बांधण्याच्या) आधी आत गेलात तर बरीच बांधणी फुकटात होते. आणि वेळापत्रकात मोकळी जागा ठेवा. टी६४ चं काम चालू असतानाच २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनातला चोरदरवाजा उघड झाला, आणि ज्यांच्या हातात आधीच हजार पॅकेजं होती त्यांच्यासमोर अचानक दुसरंच संकट आलं. असं काही तुमच्याही आठवड्यात होऊ शकतं.

प्रत्यक्ष दिवस

फेडोरात साइड टॅग मागून घ्या. ती स्वतंत्र खोली समजा: आत हवी तेवढी मोडतोड करा, बाहेर रॉहाइडला (फेडोराच्या सतत बदलत्या आवृत्तीला) काही कळत नाही. आधी लायब्ररी बांधायची, मग रेपो नव्याने तयार होईपर्यंत कोजीला (फेडोराच्या बिल्ड यंत्रणेला) थांबायला सांगायचं, मग पहिला थर, पुन्हा थांबा, मग दुसरा. थांबायला विसरलात तर दुसरा थर जुन्याच लायब्ररीवर बांधला जातो, बिल्ड हिरवं दिसतं आणि घोटाळा तीन दिवसांनी कळतो. प्रत्येक पॅकेजात रिलीज वाढवून कमिट करावं लागतं. सगळीकडे हक्क नसतील तर प्रोव्हनपॅकेजर (दुसऱ्यांच्या पॅकेजांतही बदल करायचा हक्क) असलेल्या कुणाला तरी आधीच धरून ठेवा. शेवटी बोधीतून (अपडेट बाहेर सोडणाऱ्या यंत्रणेतून) सगळा टॅग एकाच अपडेटने आत जातो.

डेबियनमध्ये लायब्ररीच्या पॅकेजनावातच आकडा असतो, डेबियन १२ मध्ये लिबआयसीयू७२, १३ मध्ये लिबआयसीयू७६. त्यामुळे नवी-जुनी काही काळ शेजारी नांदतात. बांधणी रिलीज टीम बिनएनएमयू (नुसती पुन्हा बांधणी) लावून करते, सोर्सला हात लागत नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण शेजारी नांदण्यातही धोका आहे: एकाच प्रोग्रॅमने दोन वाटांनी दोन्ही आवृत्त्या मेमरीत ओढल्या तर तो कोसळू शकतो. आयसीयू आपल्या फंक्शनांच्या नावांना आवृत्तीचा आकडा जोडतं, म्हणून वाचतं. सगळ्या लायब्ररी एवढ्या शहाण्या नसतात.

चक्र लागलं तर घाबरू नका. सीमेक या बांधणीच्या साधनाला जेसनसीपीपी ही लायब्ररी लागते, आणि जेसनसीपीपी बऱ्याच ठिकाणी सीमेकनेच बांधतात. सोनेम बदललं की सीमेक चालत नाही, आणि सीमेक चालत नाही म्हणून पुढचं काहीच बांधता येत नाही. अशा वेळी सीमेक त्याच्या पोटातल्या प्रतींसह एकदा बांधायचं, लायब्ररी बांधायची, मग सीमेक पुन्हा नेहमीसारखं. फ्रीटाइप आणि हार्फबझचंही असंच एकमेकांत अडकलेलं असतं. एकाला ती ऐच्छिक सोय काढून बांधा, दुसरं बांधा, पहिलं परत बांधा.

उत्तर न देणारे

दोन-चार जण उत्तर देणारच नाहीत. परीक्षा असेल, बाळंतपण असेल, कंटाळा असेल. कारण शोधत बसू नका. डेबियनमध्ये बगाची तीव्रता आधी 'इम्पॉर्टंट' ठेवतात आणि ट्रान्झिशन सुरू झालं की 'सीरियस' करतात. मग डिलेड रांगेत काही दिवसांची मुदत ठेवून एनएमयू (मेंटेनर नसलेल्याने केलेला अपलोड) टाकता येतो, म्हणजे मेंटेनर जागा झाला तर त्याला अडवता येतं. फेडोरात प्रोव्हनपॅकेजर तेच करतो. पॅच फक्त अपग्रेडपुरता ठेवा. जाता जाता त्याची स्पेक फाइल (पॅकेज बांधायची कृती) आवरू नका. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गॅस बंद करायला गेलो म्हणून डब्यांवर लेबलं लावत नाही आपण.

जुनी आवृत्ती कॉम्पॅट पॅकेज म्हणून ठेवायची मागणी येईल. खरंच मोठं काही अडलं असेल तर ठेवा, पण कोण सांभाळणार त्याचं नाव आणि काढण्याची तारीख त्याच दिवशी लिहून घ्या. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या जुन्या प्रतीलाही लागतात. अपस्ट्रीम मेलेलं आणि वापरणारं कुणी नाही असं पॅकेज असेल, तर काढून टाकायचा प्रस्ताव मांडायला लाजू नका.

वापरणाऱ्याचा डेटा

आता तो तिसरा, न दिसणारा प्रकार. पोस्टग्रेस हा डेटाबेस आवृत्ती १० पासून शब्दांचा क्रम आयसीयूकडून लावून घेऊ शकतो. इंडेक्स त्या क्रमाने डिस्कवर मांडलेला असतो. आयसीयू बदललं आणि त्याच्या नियमांत ळ, क्ष, ज्ञ यांची जागा जराशी जरी हलली, तर इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने चाललेला. टेबलात असलेलं नाव सापडत नाही, किंवा एकच नाव दोनदा शिरतं. जीलिबसी या सी भाषेच्या पायाभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने २०१८ मध्ये हाच धडा जगाला दिला होता. पोस्टग्रेस कोलेशनच्या (शब्दक्रमाच्या नियमांच्या) आवृत्तीत फरक असल्याची सूचना देतं. उपाय आहे आधी रीइंडेक्स (इंडेक्स पुन्हा रचणं) आणि मगच कोलेशनची आवृत्ती ताजी करून घेणं. उलट क्रमाने केलं तर सूचना गप्प होते आणि बिघाड तसाच राहतो. हे तुमच्या रिलीज नोटमध्ये लिहायचं काम तुमचं, पोस्टग्रेसच्या मेंटेनरचं नव्हे.

मागे फिरायचं झालं तर

साइड टॅगमध्ये असाल तर टॅग टाकून द्या, झालं. अपडेट बाहेर पडल्यावर मात्र आवृत्तीचा आकडा उतरवता येत नाही, लोकांच्या मशीनवर मोठा आकडा बसलेला असतो. डेबियनमध्ये '७६ प्लस रियली ७४' अशा धाटणीची आवृत्ती लावतात. दिसायला हास्यास्पद, पण पुढच्या खऱ्या आवृत्तीबरोबर ती निघून जाते. इपॉक (आवृत्तीच्या पुढे लागणारा आणि तिच्यावर मात करणारा आकडा) वाढवला तर तो जन्माचा चिकटतो, म्हणून डेबियनमध्ये तो लावण्याआधी डेव्हल यादीवर विचारायची पद्धत आहे. किती पॅकेजं पडली तर मागे फिरायचं, तो आकडा आधीच्या आठवड्यात, डोकं थंड असताना ठरवा.

सगळं आत गेलं की त्याच मेलच्या धाग्यात दुसरा मेल टाका: काय झालं, काय उरलं, उरलेलं कुणाकडे. डेबियनमध्ये जुनी लायब्ररी टेस्टिंगमध्ये कुणी तरी धरून ठेवलेली असते. ट्रॅकरवर शेवटची लाल ओळ कुणाची आहे ती बघा आणि त्याला थेट लिहा. पॅच लावलेल्या पॅकेजांची यादी जपून ठेवा, सहा महिन्यांनी आयसीयूची पुढची आवृत्ती येईल तेव्हा पहिली वीस तीच असतील. आणि पहिले दोन दिवस लॅपटॉप जवळ ठेवा. मिरर (पॅकेजांच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) भरायला वेळ लागतो, अर्ध्या लोकांना नवं मिळालेलं असतं, अर्ध्यांना जुनंच, आणि 'माझ्याकडे इन्स्टॉल होत नाही' असे मेल येत राहतात. त्यांना उत्तर म्हणून पाठवायला ते चौकटीतलं शेवटचं वाक्य मी इंग्रजीत करून ठेवलं आहे.